फुसका बार: कोकणातल्या एका .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि त्याच्या काडतुसांचं प्रकरण

नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाकी घडलं तसंच लिहिलंय, माझ्या चुकीसकट.

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यातली एक वाडी. रस्त्यापासून आत, घर एकटं, मागे गोठा, पुढे हापूसची कलमं आणि थोडा काजू. काकी साठीच्या जवळ, मुलगा परदेशात, मुलगी पुण्याला. सीझनमध्ये मजुरी रोखीत द्यायची असते आणि व्यापाऱ्याकडून पैसेही बऱ्याचदा रोखच येतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घरात पैसा असतो हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. बागेत राखणीला नेपाळी गडी असतो पण तो रात्री बागेत, घरात नाही.

काकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर होतं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, सहा बारी, तीन इंची नळी, वजन साधारण सातशे ग्रॅम. काका गेले. इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो की बापाचं हत्यार आपोआप मुलाचं किंवा नवऱ्याचं बायकोचं होतं. तसं नसतं, लायसन्स माणसाबरोबर संपतं. हत्यार आणि काडतुसं जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावावर नवीन लायसन्स मागायचं. काकींनी ते सगळं रीतसर केलं, २०१६ च्या नियमांप्रमाणे सुरक्षिततेचं ट्रेनिंग पण केलं, आणि बऱ्याच खेपा मारून एकदाचं लायसन्स झालं. रिव्हॉल्व्हर परत मिळालं, सोबत ".३२ ची जिवंत काडतुसं, नग २५". कागदावर एवढंच.

मी एका रायफल क्लबच्या रेंजवर मदतीला असतो. काकींचा पुतण्या माझ्या ओळखीचा, त्याने फोन केला की काकीला जरा चालवायला शिकव आणि कुठली काडतुसं ठेवायची तेही बघ. लायसन्सवर क्षेत्र महाराष्ट्र लिहिलेलं होतं म्हणून घाटावर रेंजला आणता आलं, आधी हे तपासून घेतलं होतं. तेवढी अक्कल होती.

अडचण

काकींनी एक चामडी पाकीट टेबलावर ओतलं. पंचवीस काडतुसं, सगळी चकाचक, देव्हाऱ्यातल्या समईसारखी. मला वाटलं ताजा माल आहे.

पहिली गोष्ट लगेच दिसली, त्यातली सहा काडतुसं बुटकी होती. बाकीच्यांना शिशाची काळपट गोळी आणि या सहांना तांब्याचं जॅकेट. पुतण्या म्हणाला, "ती भारीतली आहेत, काकांच्या मेहुण्याने दिलेली, त्यांच्याकडे पिस्तूल होतं." आणि त्याने एक उचलून सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रात, टाकून दाखवलं. "बसतंय बघ."

बसतं, हाच तर घोळ आहे. जरा सविस्तर सांगतो कारण हा गोंधळ आपल्याकडे घरोघरी आहे.

आपण नुसतं ".३२" म्हणतो तेव्हा दोन वेगळी काडतुसं असू शकतात. रिव्हॉल्व्हरचं म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासूनचं, पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) साधारण २३ मिलिमीटर लांब, मागे चांगली रुंद कड. पिस्तुलाचं म्हणजे .३२ एसीपी, ब्राउनिंगचं, १८९९ चं, पुंगळी १७ मिलिमीटर. त्यात आणखी मजा म्हणजे दोघांनाही लोक "७.६५" म्हणतात. पुंगळीची जाडी दोन्हीची जवळपास सारखीच, म्हणून पिस्तुलाचं रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकात, सरकतं. पण पिस्तुलाच्या काडतुसाची कड नावापुरतीच असते, व्यास साधारण ९.१ मिलिमीटर, लाँगची ९.५ च्या आसपास. म्हणजे ते घराच्या काठावर जेमतेम अडकून राहतं, घोडा पडला की पुढे दबतं, कधी फुटतं कधी नाही. आणि फुटलं तर दाब जास्त. अमेरिकन स्टँडर्डमध्ये लाँगला कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि एसीपीला २०,५००. नवीन मजबूत हत्याराने एखाद्या वेळी सोसलंही असतं, पण काकांचं रिव्हॉल्व्हर किती वर्षांचं, सिलिंडर किती ढिला झालाय, हे न बघता त्यावर डोळे झाकून पैज कशाला लावायची?

तर ती सहा मी बाजूला काढली आणि स्वतःवर खूश झालो. बघा आपण कसं पकडलं. उरलेली १९ बरोबर लांबीची, बुडावर .३२ लिहिलेलं, तर ती चालणार असं मनाशी धरलं. लेनवर गेलो.

पहिला बार, ठीक. दुसरा, ठीक, कागदावर भोक. तिसऱ्याला "फट्". ओल्या लवंगी फटाक्यासारखं. हाताला धक्का नाही. काकींनी कानावर मफ लावलेले, त्यांना वाटलं नेम चुकला एवढंच, आणि त्यांचं बोट परत चापावर दाबायला लागलं. मी ओरडलो, "काकी थांबा, बोट बाहेर!" आणि मनगट धरून नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवली. अर्धा मिनिट तसेच उभे राहिलो, कारण आवाज कमी आला म्हणजे सगळी दारू जळली असं नसतं, उशिरा पेटूही शकते. मग सिलिंडर उघडलं, सगळं रिकामं केलं. तिसऱ्या पुंगळीत गोळी नाही. कागदावर तिसरं भोक नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत न जळलेल्या दारूचे कण चिकटलेले. मागून उजेड धरून नळीतून बघितलं तर पलीकडे अंधार.

गोळी नळीत अडकली होती. चौथा बार निघाला असता तर तो त्या गोळीवर जाऊन आदळला असता आणि नळी फुगली असती किंवा फाटली असती. काकींचा हात तिथून वीतभर लांब. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगतो.

मग कळलं ते

चहा पिताना काकींना एकेक विचारत गेलो. काका काडतुसं चामड्याच्या पाकिटात ठेवायचे, मागच्या खोलीत, भिंतीपलीकडे गोठा. दर मिरगाच्या आधी रिव्हॉल्व्हरला तेल द्यायचे आणि तोच खोबरेलाचा हात काडतुसांवरूनही फिरवायचे, "गंजू नयेत म्हणून". मग काका गेल्यावर सगळं जमा, दोन पावसाळे तिथे. परत आली तेव्हा काडतुसं हिरवी झालेली, कळंक चढलेला. म्हणून पुतण्याने सगळी पितळेच्या पॉलिशने घासून लख्ख केली. मला हे सांगायची गरज त्याला वाटली नाही आणि मी विचारलं नाही.

यातली प्रत्येक गोष्ट प्रेमाने केलेली आणि प्रत्येक घातक.

चामडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात राहतात, आपल्या दमट हवेत ती पितळेवर काम करतात, कळंक तिथूनच. तेल टोपीच्या, म्हणजे घोडा पडला की पेटणाऱ्या बुडातल्या भागाच्या, कडेने आत झिरपतं आणि टोपीतला मसाला निकामी करतं किंवा दारू ओली करतं. मग टोपीचा तेवढा जोर गोळी ढकलतो, अर्ध्या वाटेत सोडून देतो. आमचं तिसरं काडतूस बहुधा तसंच.

आणि गोठा. हे मला आधी कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि अंगावर काटा आला. इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात हाच त्रास झाला होता, पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना आपोआप भेगा पडायच्या. त्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात, सीझन म्हणजे आपला पावसाळाच. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी दाबून घडवताना पितळेत राहिलेला ताण, तिन्ही मिळून तडा जातो हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. गोठ्यातही अमोनियाच. आणि पितळेच्या कित्येक पॉलिशमध्येसुद्धा अमोनिया असतो! म्हणजे पुतण्याने कळंक काढला, वर त्याच रोगाचा आणखी एक डोस दिला, आणि जे हिरवं बघून मी हातसुद्धा लावला नसता ते माझ्या डोळ्याआड केलं.

पर्याय काय होते

रिव्हॉल्व्हर एका लायसन्सवाल्या गनस्मिथकडे गेलं, त्याने पितळी दांड्याने गोळी काढली. घरी कुणी स्क्रू ड्रायव्हर-हातोडी असले प्रयोग करू नयेत, नळीची वाट लागते. तोवर आम्ही काय ठेवायचं यावर बसलो.

उरलेली सोळा वापरून संपवावीत असं पुतण्याचं म्हणणं, "दोन तर नीट गेली ना." काडतूस महाग असतं आणि लायसन्सवर कोटा ठरलेला, त्यामुळे फेकवत नाही, मला समजतं. पण भिंगातून बघितलं तर सोळापैकी दोघांच्या तोंडाशी बारीक उभी भेग होती आणि काहींच्या टोपीच्या कडेत पॉलिश लावूनही हिरवं उरलेलं. यावर चर्चा पाच मिनिटांत संपली.

.२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं हा पर्याय मुलीने सुचवला. आणि तो वेडगळ नव्हता. काकींच्या बोटांना संधिवात आहे. इशापूरच्या कारखान्याचं "निडर" .२२ चं, वजन अडीचशे ग्रॅम, आठ बारी. .२२ ला धक्का नाहीच म्हणा. पण दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे .२२ रिमफायर असतं, वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेत गोल फिरवून भरलेला असतो आणि तो कुठे कमी पडला तर काडतूस न फुटण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्यापेक्षा) जास्त. दुसरं, कड चेपायला घोड्याचा ठोका जोराचा लागतो म्हणून छोट्या रिमफायर रिव्हॉल्व्हरचा चाप बऱ्याचदा जड असतो. म्हणजे ज्या बोटासाठी बदलायचं त्याच बोटाला जास्त त्रास. शिवाय नवीन खरेदी, नवीन नोंद, परत खेपा.

हलकं .३२ घ्यावं, "निर्भीक"सारखं पाचशे ग्रॅमचं, हेही कुणीतरी म्हणालं. दुकानात हातात घेतलं की हलकं छान वाटतं, बार काढल्यावर कळतं. तेच काडतूस हलक्या हत्यारातून जास्त उसळतं. काकांचं जुनं जड धूड इथे काकींच्या फायद्याचंच होतं.

मग वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी. .३२ लाँग आज जगात टिकून आहे त्यात स्पर्धेतल्या नेमबाजांचा मोठा हात, २५ मीटर सेंटरफायर मॅचला बरेच जण हेच वापरतात, कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं, धक्का मऊ. मला मनातून हेच आवडलं होतं. पण गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर सपाट असल्याने घाईत, अंधारात सिलिंडरमध्ये भरताना काडतूस काठाला अडतं, गोल नाकाचं कसं घसरत जागेवर जातं तसं होत नाही. आणि परदेशी माल आज दुकानात आहे, उद्या नाही. रेंजचा शौक आणि घरातली गरज या दोन वेगळ्या गोष्टी, मी माझा शौक काकींच्या गळ्यात मारत होतो हे उशिरा लक्षात आलं.

राहिलं ते साधं: ताजं .३२ लाँग, शिशाची गोल नाकाची गोळी, ९८ ग्रेनच्या आसपास म्हणजे सहा ग्रॅमच्या वर थोडी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं, दुकानात नेहमी मिळणारं. पुतण्या जरा नाराज, "यात दम काय?" त्याचं बरोबर आहे, दम कमी आहे. लाँगचा वेग साधारण सेकंदाला २१५ मीटर, ऊर्जा १५० जूलच्या आसपास, तीन इंची नळीतून अजून कमीच भरेल. एसीपीची गोळी हलकी पण वेगवान, ऊर्जा थोडी जास्त. पण काकींना सहाच्या सहा बार दहा पावलांवर थाळीएवढ्या जागेत टाकता येणं आणि प्रत्येक वेळी चाप ओढला की बार निघणं, याच्यापुढे ते पंचवीस-तीस जूल कुणाला हवेत? आणि कोणी रानडुकरासाठी म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा, कायदा एक बाजूला, डुकराला हे टोचल्यासारखं होईल आणि मग ते तुमच्याकडे वळेल.

काय केलं

आधी कागद. सहा पिस्तुलाची आणि सोळा खराब, अशी बावीस काडतुसं लेखी अर्ज करून पोलीस ठाण्यात जमा केली, तीन वापरल्याचा हिशोब वेगळा लिहून दिला. पुतण्याचा सल्ला होता खाडीत टाकून द्यायचा. कोकणात नको असलेली प्रत्येक वस्तू खाडीत जाते तसं. पण कागदावर २५ आहेत, उद्या कुणी विचारलं बावीस कुठे तर काय सांगणार, भरतीने नेली? आणि ती सहा तर मुळात मेहुण्याच्या लायसन्सवरची, नात्यात हातोहात काडतुसं देणं-घेणं चालत नाही. कारकुनाने नोंदीत दोन प्रकार वेगळे लिहावेत म्हणून मी शेजारी शेजारी दोन काडतुसं उभी करून दाखवली. तो म्हणाला, "आम्हाला .३२ म्हणजे .३२." शेवटी "लांब" आणि "आखूड" असं लिहिलं गेलं. असू दे.

गनस्मिथने नळी आतून बघितली, फुगवटा नव्हता. सिलिंडरची सहाही घरं साफ करून घेतली.

मग नवीन काडतुसं. दुकानात काकींनी स्वतः मागितली आणि वाक्य पाठ करून मागितलं, "रिव्हॉल्व्हरची, लाँग, शिशाची गोळी." डब्यावरचा लॉट नंबर आणि खरेदीची तारीख वहीत. त्यातली बारा रेंजवर काढली. ताजी असली तरी घरात ठेवायच्या लॉटमधलीच थोडी आपल्याच हत्यारातून काढून बघायची, या बाबतीत मी आता हट्टी झालोय. बाराही निघाली. काकी चाप सरळ ओढत तेव्हा बोट थरथरायचं आणि गोळी खाली जायची, घोडा अंगठ्याने मागे घेऊन मग चाप दाबला की कागदावर छान पुंजका. त्यांनी घोडा ओढूनच मारायचं ठरवलं. मला डबल ॲक्शन, म्हणजे नुसता चाप ओढून मारणं, शिकवायचं होतं, पण बोट त्यांचं.

ठेवण्याचं: चामडी पाकीट बाद. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, काडतुसं त्यांच्या मूळ कागदी खोक्यात. तेल नाही, पॉलिश नाही, हात पुसून मगच हात लावायचा. जागा माजघरातल्या लोखंडी कपाटात, गोठ्यापासून सगळ्यात लांब. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पुस्तकाला बुरशी येते, काडतुसाचं काय घेऊन बसलात.

निष्पत्ती

दोन पावसाळे झालेत. काकी आंबा संपला की मिरगाच्या आधी एकदा रेंजवर येतात, जुन्यातली सहा काढतात, कोट्यात बसतील तेवढी ताजी घेतात. दोन्ही वेळा एकही फुसका गेला नाही. पुंगळ्यांवर डाग नाही, टोप्या स्वच्छ. रिव्हॉल्व्हर रोखून धरायची वेळ आलेली नाही आणि न येवो.

पुतण्याने स्वतःसाठी अर्ज केलाय. त्याला आता लांब-आखूड झोपेतही कळतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. मी सहा चुकीची पकडली आणि त्या आनंदात बाकीच्या १९ ची चौकशीच केली नाही. दोन साधे प्रश्न होते, किती जुनी आहेत आणि ठेवली कुठे होती. काडतुसाचं वय आणि मुक्काम माहीत नसेल तर ते माणसाच्या हातातल्या हत्यारात घालायचंच नाही, हे मला माहीत होतं आणि मी केलं नाही, कारण ती चमकत होती. खरं तर जुनं पितळ इतकं चमकतं हीच शंकेची जागा होती, कारखान्यातून आलेलं काडतूसही काही दिवसांनी मंद दिसतं.

दुसरं, लेनवर जायच्या आधी काकींना फुसक्या बाराबद्दल सांगायला हवं होतं. नेम, पकड, उभं राहणं यावर मी अर्धा तास बोललो, आणि "आवाज किंवा धक्का वेगळा वाटला तर बोट बाहेर काढून थांबायचं" हे एक वाक्य बोललो नाही. मफ लावल्यावर फुसका आवाज कळतच नाही, म्हणून धक्क्यावर लक्ष ठेवायला शिकवावं लागतं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगतो, रिव्हॉल्व्हर हातात देण्यापूर्वी.

जमा करतानाही काही करता आलं असतं. काकांच्या दिवसकार्यात असताना काडतुसं मोजून, लांबी बघून, वेगवेगळ्या पाकिटात द्या असं त्या घराला कोण सांगणार होतं? पण परत घेताना तरी नग मोजतो तसा प्रकारही बघून सही करता आली असती.

.२२ च्या बाबतीत मात्र माझं मन अजून पक्कं नाही. काकींची बोटं दरवर्षी थोडी जास्त आखडतायत, घोडा मागे घ्यायला आता दोन्ही अंगठे लागतात. अजून दोन-तीन वर्षांनी काडतुसाचा नाही तर हत्याराचाच प्रश्न परत उभा राहील आणि तेव्हा आज बाद केलेला पर्याय कदाचित पहिला असेल, चापाचा जडपणा दुकानात स्वतः ओढून बघूनच.

परवा काकींचा फोन आला. निवडणूक लागली, सगळ्यांची हत्यारं जमा करायची नोटीस आलीय, काडतुसं कशातून देऊ? म्हटलं त्याच डब्यातून द्या, पुड्या नवीन टाका, झाकणाला टेप लावा आणि वर लाँग म्हणून चिठ्ठी चिकटवा.

"देत्ये रे, पण डबा परत मिळेल ना? माझा पोह्याच्या पापडांचा आहे तो."

म्हटलं, काकी, नोंदीत डबा पण लिहून घ्या.